फुटपाथवरचं हिरवं कपाट

वेस्टबी, ९ मार्च २०१९

मार्लिसमावशींना,

'प्रिय' लिहायला घेतलं होतं, पण हात वळला नाही. मी ब्रिटा, तुमच्या सख्ख्या बहिणीची, डोरीनची मुलगी. आई जानेवारीत गेली हे तुम्हाला कळवलं होतं. तुम्ही आला नाहीत. अख्खं वेस्टबी चर्चमध्ये होतं. कुंपणावरून दहा वर्षं आमच्याशी भांडणारा ओल्सनसुद्धा टोपी काढून मागच्या बाकावर बसला होता. मॅडिसनहून दोन तासांचा रस्ता फक्त तुम्हालाच जड झाला.

कामाचं लिहिते. मला मॅडिसनच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला आहे, वनस्पतिशास्त्राला. बाबांची एकच अट आहे. १५ ऑगस्टपर्यंत वर्षभरासाठी पक्कं छप्पर मिळालं तर जा, नाहीतर इथं गोठ्यात माणूस कमीच आहे. वसतिगृहात पहिल्या वर्षाची मुलं कोंबली आहेत आणि बाहेरची चांगली घरं म्हणे आदल्या नोव्हेंबरातच संपतात. नोव्हेंबरात मी आईच्या उशाशी होते.

तुम्ही वरचा मजला विद्यार्थ्यांना देता, असं पाद्रीबाई म्हणाल्या. त्यातली एक खोली मला द्या. बाकीचे देतात तेच भाडं देईन. मेहरबानी मागत नाहीये.

फोन करणार नाही. तुमचा आवाज ऐकायची इच्छा नाही.

ब्रिटा हॉगन


मॅडिसन, १५ मार्च

ब्रिटा,

आईचं नाक घेतलंयस, ते पत्रातूनसुद्धा दिसतं. मेहरबानी नको म्हणायचं आणि त्याच ओळीत खोली मागायची. नाकानं कांदे सोलायची आमच्या घरात रीतच आहे, तू ती बुडू देणार नाहीस असं दिसतं.

खोली नाही. वरच्या चारही खोल्यांवर ऑक्टोबरातच चार पोरांनी सह्या केल्यात. ती घाणेरडी आहेत, पण मला पत्रं लिहीत नाहीत.

सल्ला फुकट देते, कारण एकोणतीस वर्षं मी या गावात बस चालवली आणि दर ऑगस्टला रडणाऱ्या पोरी माझ्याच बसमध्ये चढायच्या. तळघर घेऊ नकोस. जाहिरातीत 'उबदार' लिहिलं असेल तर बॉयलर त्याच खोलीत आहे असं समज. मालकाला काही विचारू नकोस. आत राहणाऱ्या पोरीला विचार, तेही मालक जिना उतरल्यावर. जानेवारीत खिडकीला आतून बर्फ धरतो का, एवढं एकच विचारलंस तरी पुरे.

आणि चौदा ऑगस्ट. इथले सगळे करार चौदाच्या दुपारी बाराला संपतात आणि नवे पंधराच्या दुपारी सुरू होतात. मधले चोवीस तास अर्धं गाव बेघर असतं. हवं असलेलं सामान फुटपाथवर, नको असलेलंही तिथंच, आणि फुटपाथवरचं ज्याच्या हाताला लागेल त्याचं. कुणी विचारत नाही, कुणी भांडत नाही. त्या दिवशी आपल्या सामानावरून उठायचं नसतं. पण हे तुला मी कशाला सांगू? तुझ्या आईनं हजारदा सांगितलं असेल.

मार्लिस टोलेफ्सरूड


मॅडिसन, २७ मे

मार्लिसमावशींना,

पत्ता बघा आणि मग पाणी प्या. मी मॅडिसनमध्ये आहे, तुमच्या मागच्याच रस्त्यावर. उन्हाळ्यापुरती एका मुलीची खोली घेतली आहे, चौदा ऑगस्टपर्यंत.

तुमच्या नाकावर टिच्चून घर शोधलं. एकोणीस बघितली. एकात न्हाणीघराला दार नव्हतं, पडदा होता, आणि मालक म्हणाला की मुलं लवकर रुळतात. एकात खिडकी होती, ती शेजाऱ्याच्या भिंतीवर उघडत होती, एक वीत लांब. एक तर तळघर होतं आणि जाहिरातीत 'उबदार' लिहिलं होतं. तिथून मी आत न जाता परत फिरले, तेवढं श्रेय घ्या. शेवटी पंधरा ऑगस्टपासून वर्षभरासाठी पाच मुलींच्या घरात सहावी खोली मिळाली, स्टेडियमजवळ. करारावर सही झाली. बाबांना फोटो पाठवला, त्यांनी 'बरं' एवढंच कळवलं. म्हणजे झालं.

आणि मी मजेत आहे, हेही कळवते. संध्याकाळी तलावाकाठी रंगीत लोखंडी खुर्च्यांवर बसते, पाय दुसऱ्या खुर्चीवर टाकून. कागदी द्रोणात ताजं चीज घेते, दातांखाली कुईकुई करणारं. धक्क्यावरून पाण्यात उड्या मारते. शनिवारी विधानभवनाच्या घुमटाभोवतीच्या बाजारात सगळे एकाच दिशेनं फिरतात हे मला ठाऊक नव्हतं, मी उलटी निघाले. एक आजोबा गाजरांच्या जुड्या छातीशी धरून म्हणाले, 'पोरी, गाव असंच चालतं, तू वळ.' मी वळले नाही. सगळ्या गर्दीचे चेहरे बघत फिरले. फार मजा आली.

ही मजा माझ्या आईची होती. तुम्ही ती घालवलीत. मला सगळं ठाऊक आहे. १९८५, चौदा ऑगस्ट. तुम्ही दोघी घर बदलत होतात. आई आईस्क्रीमच्या दुकानात पाळीवर गेली आणि सामान तुमच्या भरवशावर सोडून गेली. त्यात तिचं हिरवं पत्र्याचं कपाट होतं, त्यात तीनशे अकरा वाळवलेली झाडं, कागदांवर लावलेली. तीन वर्षांचं काम, त्यावरच पदवी मिळायची होती. तुम्ही कुणा मुलाबरोबर बिअर प्यायला गेलात. परत आलात तेव्हा कपाट नव्हतं. आईनं पुन्हा विद्यापीठाचं तोंड पाहिलं नाही. तेहेतीस वर्षं गाईंची आचळं धुतली.

ती कधी रडली नाही. फक्त रानातून जाताना झाडांची लॅटिन नावं घ्यायची, हळू, गाईंना.

जाता जाता. दफनानंतरच्या जेवणासाठी चर्चच्या तळघरात सगळ्यांनी आणलेली भांडी परत गेली, खाली चिकटपट्टीवर नावं होती त्याप्रमाणे. एक निळं भांडं राहिलं, खिमा आणि वर बटाट्याचे गोळे, त्याखाली नाव नव्हतं. परक्या माणसालासुद्धा आईसाठी एवढं करावंसं वाटलं. तुम्हाला नाही.

ब्रिटा


मॅडिसन, १० जून

ब्रिटा,

मागच्या रस्त्यावर राहतेस तर पत्र माझ्या पेटीत आणून टाकू नकोस. तिकीट लाव आणि पोस्टानं पाठव. माझ्या फाटकाशी उभी राहून घराकडे बघत होतीस, तेही बंद कर. घर आहे, सर्कस नाही.

ते निळं भांडं माझं आहे. एक कान उडालेला आहे बघ. मी मागच्या दारानं चर्चच्या तळघरात उतरले, भांडं ठेवलं, चिकटपट्टीवरचं नाव नखानं खरवडून काढलं आणि गाडीत जाऊन बसले. शवपेटी बाहेर आणली तेव्हा तू तुझ्या बापाच्या डाव्या बाजूला होतीस, बिनटोपीची, उणे वीसमध्ये. मग मी निघाले. तुझी आई मला म्हणाली होती, 'मी मेले तरी तोंड दाखवू नकोस.' मी तिचा दुसरा कुठला शब्द पाळला नसेल, हा पाळला. भांडं परत कर.

कपाटाबद्दल तुला उत्तर द्यायला मी बांधलेली नाही. पंधरा मिनिटं उठले होते. ते खरं आहे. बाकी जे तुला सांगितलंय ते राहू दे.

आणि मजेबद्दल. तुझी मजा मला दिसते. रोज संध्याकाळी गुडघ्यांना चिखल, केसांत गवत, अशी तलावाकडून परत येतेस. कुणाबरोबर लोळतेस ते तुझं तू बघ. पण आईच्या अभ्यासाचं नाव घेऊन आलीस आणि हे चाललंय, तेव्हा मला नीतिपाठ देऊ नकोस.

मार्लिस टो.


मॅडिसन, १८ जुलै

मार्लिसमावशींना,

पत्र वाचून फाडलं. मग तुकडे जोडून पुन्हा वाचलं. तुम्ही आला होतात. हे मला आधी कळलं असतं तर मी काय केलं असतं, ठाऊक नाही. बहुधा तुमच्या गाडीची काच फोडली असती. आत आला असतात तर निदान काही बोलणं तरी झालं असतं.

भांडं वेस्टबीहून आणलं आहे. बाबा त्यात मांजरांना दूध घालत होते. ते देणार नाही. नाव नसलेलं भांडं कुणाचंच नसतं.

माझ्या गुडघ्यांच्या चिखलाबद्दल तुम्ही जे लिहिलंत त्याला मी उत्तर देत नाही. ज्याचं मन जसं, त्याला तसं दिसतं.

तुमच्याबद्दल मात्र मला बरंच ऐकायला मिळालं. आमच्या रस्त्यावर तुम्हाला काय म्हणतात, माहीत आहे? भंगारमावशी. दर चौदा ऑगस्टला सकाळपासून हातगाडी घेऊन हिंडता म्हणे. गाद्या उलथता, खोकी उघडता, लोकांची कपाटं उघडून आत डोकावता. एका मुलीनं सांगितलं की ती तिच्या कपाटात कपडे ठेवत असतानाच तुम्ही तिला बाजूला सारून आत पाहिलंत. लोकांचं हरवायचं आणि मग लोकांचं उचलायचं, चांगला धंदा आहे. मी तुमची भाची आहे हे इथं कुणाला सांगितलेलं नाही.

ब्रिटा


मॅडिसन, ९ ऑगस्ट

ब्रिटा,

भंगारमावशी हे मला बावीस वर्षांपासून ठाऊक आहे. आधी कपाटवाली म्हणायचे. पोरं बदलतात, नावं बदलतात.

भाची आहेस हे सांगू नकोस, मीही सांगत नाही.

पण चौदा जवळ आली म्हणून लिहिते. त्या मधल्या दिवशी तुझं सामान माझ्या व्हरांड्यात ठेव. दाराला कुलूप नसतं. मी घरी नसेन, तुला तोंड बघावं लागणार नाही. ठेवायचं नसेल तर सामानावर बस आणि बसून राहा. भूक लागली तर उपाशी राहा. कुणी हाक मारली तर बहिरी हो. विशेषतः कुणी मदतीला बोलावलं तर.

मार्लिस


मॅडिसन, १५ ऑगस्ट, संध्याकाळ

मार्लिस टोलेफ्सरूड,

माझं खोकं तुम्ही नेलंत. नाही म्हणू नका. कोपऱ्यावरच्या मुलानं तुम्हाला हातगाडीवर ते ठेवताना पाहिलं. चीजचं लाकडी खोकं, दोरी बांधलेलं.

त्यात काय आहे ते आता सांगते, कारण आता लपवून काय उपयोग. चौसष्ट झाडं आहेत. आईची वही वाचली होती, तीनशे अकरांची यादी, कुठलं कुठं सापडलं ते सगळं. मी तीच झाडं पुन्हा गोळा करते आहे, त्याच जागांवरून. तलावामागचं दलदलीचं रान, रेल्वेरुळाकडेचं गवत. म्हणून चिखल. आईनं कोरी लेबलं छापून घेतली होती, तिच्या नावाची. गोठ्याच्या माळ्यावर त्यांचा गठ्ठा सापडला. मी तीच वापरते. तीनशे अकरा पुरी करून विद्यापीठात तिच्या नावानं ठेवायची होती. हे मी बाबांनाही सांगितलेलं नाही.

तुमच्या व्हरांड्यात ठेवलं नाही, कारण जळलं तरी तुमच्या दारात पाऊल टाकायचं नव्हतं. मी सामानावर बसून होते, चार तास. हो, मग उठले. समोरच्या घरातली एक मुलगी जिन्यात सोफ्याखाली अडकली होती, ती खालचं टोक धरून आणि वरचं टोक धरायला कुणी नाही. ती रडत होती. मी गेले. पंधरा मिनिटं. लिहिताना मला कळतंय मी काय लिहितेय. पण मी बिअर प्यायला गेले नव्हते.

आणखी ऐका आणि खूश व्हा. आज दुपारी नव्या घरी गेले तर दारावर पालिकेचा लाल कागद. जिना कुजला म्हणून घर बंद, कुणी आत जायचं नाही. मालक फोन उचलत नाही. सहाही मुली रस्त्यावर आहोत. पाचजणींना कुणी ना कुणी आहे. मी तुमच्या मागच्याच रस्त्यावर, शेवटच्या घरात, एका मुलीच्या जमिनीवर झोपते आहे. बाबांना सांगावं लागलं. परवा शनिवारी दुपारी ते ट्रक घेऊन मला न्यायला येताहेत. ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, 'तुझी खोली तशीच आहे.'

तर जिंकलात. आधी आई परत गेली, आता मी जाते. पण खोकं द्या. माझ्यासाठी नाही. तुमच्यात तिच्यासाठी थोडं जरी काही उरलं असेल तर द्या.

ब्रिटा


मॅडिसन, १६ ऑगस्ट, सकाळ

ब्रिटा,

हे पत्र मी स्वतः आणून दारात टाकते आहे, तिकिटाशिवाय.

खोकं माझ्याकडे आहे, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, कोरडं. चोरी केली म्हणालीस तरी चालेल, पण आधी वाच.

बुधवारी चार वाजता तुमच्या रस्त्यावर गाद्यांच्या ढिगाला लागून ते खोकं दिसलं. जवळ कुणी नव्हतं. दोरी सोडली. वरच्याच कागदाच्या कोपऱ्यात छापलेलं, 'संकलन: डोरीन टोलेफ्सरूड.' मी तिथंच गादीवर बसले. चौतीस वर्षं, दर चौदा ऑगस्टला, मी तेच शोधते आहे. बसवर होते तेव्हा त्या दिवसाची रजा मी जानेवारीतच लिहून ठेवायची. मला वाटलं, कुणाच्या तरी माळ्यावर इतकी वर्षं पडलं होतं आणि आज कुणी तरी घर रिकामं करताना बाहेर टाकलं. कपाट गंजून गेलं असेल, पण झाडं राहिली. खोकं मांडीवर घेऊन मी किती वेळ बसले, ठाऊक नाही. तो कोपऱ्यावरचा पोरगा बघत होता म्हणजे पुष्कळ वेळ असणार.

घरी आणलं, हात धुतले, चष्मा लावला, आणि खालची ओळ वाचली. बारा जून, २०१९. डोरीन तर जानेवारीत गेली.

मग चिखल कशाचा होता ते कळलं. ते मी घाणेरडं लिहिलं होतं. ते मागे घेते. बाकीचं काही मागे घेत नाही.

कालच खोकं घेऊन तुझ्याकडे येणार होते. दोनदा माझ्याच फाटकापर्यंत गेले आणि दोनदा परत फिरले. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते आपल्याच घरावरून म्हणत असावेत. मग रात्री पेटीत तुझं पत्र मिळालं.

आता १९८५च्या त्या बिअरवाल्या मुलाचं. मुलगा नव्हता. समोरच्या घरातली एक पोरगी पलंगाचं एक टोक धरून जिन्यात अडकली होती, दुसरं धरायला कुणी नव्हतं. तिचं नावसुद्धा मी विचारलं नाही. डोरीनला मी हेच सांगितलं. ती म्हणाली, 'पलंगासाठी?' तिला ते पटेना. तीन वर्षं गेली ती एका परक्या पोरीच्या पलंगापायी, हे कुणाला पटेल? पुढं कधी तरी कुणाकडून तरी कळलं की ती मुलगा आणि बिअर असं सांगते. मी खोडलं नाही. मुलावर निदान रागावता तरी येतं. काल तुझ्या पत्रात तो सोफा वाचला आणि पत्र ठेवून मी परसात जाऊन उभी राहिले.

खोलीचं. वरची चार पोरं आहेत तिथंच आहेत. पण स्वयंपाकघरामागं एक खोली आहे, तिचं दार मी कुणाला उघडू देत नाही. आत सात हिरवी पत्र्याची कपाटं आहेत, कमरेएवढी. दर वेळी वाटलं, हेच. घरी आणून पाहिलं तर एकाचीही कडी तशी नाही. टाकून द्यायचा धीर झाला नाही, पुन्हा पाहिलं तर ओळख पटेल असं वाटायचं. ती निघाली तर खोली बरी आहे. खिडकी सफरचंदाच्या झाडावर उघडते, बॉयलर दुसरीकडे आहे, जानेवारीत आतून बर्फ धरत नाही. एक वर्षाचा करार लिहून ठेवलाय. बापाला दाखव आणि त्याला म्हणावं, ट्रक घेऊन आलाच आहेस तर तुझं सामान तेवढं उतरव. माझ्याशी बोललाच पाहिजे असं नाही.

मी अजूनही तुला आवडत नाही, आणि तुझं ते नाक मलाही सोसवत नाही. वर्षभर भांडू. पण उद्या सकाळी आठला ये. ती कपाटं बाहेर काढायला मी एकटी पुरी पडणार नाही. दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतं.

मार्लिस


१६ ऑगस्ट, दुपार

मार्लिसमावशी,

आठला येते.

सहा कपाटं फुटपाथवर ठेवू. सातवं खोलीतच राहू दे, तीनशे अकरा झाडं त्या खोक्यात मावणार नाहीत.

भांडं घासून ठेवलं आहे, तेही आणते. खाली चिकटपट्टी लावून तुमचं नाव लिहिलं आहे. यापुढं ते खरवडू नका.

ब्रिटा